फ्लेमिश स्थिरचित्रांतलं वैभव: मिरवणं की मरणाची आठवण?

निळीशाई

आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पचा चित्रकार यान ब्रुगेल (थोरला) याने १६०६ साली मिलानच्या कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओसाठी फुलदाणीचं एक चित्र काढलं. ते आजही मिलानला आंब्रोझियाना संग्रहालयात आहे. फुलांच्या खाली त्याने एक दागिना, काही नाणी आणि शिंपले रंगवले. मग कार्डिनलला पत्र लिहून तसं कळवलं, आणि फुलं सोन्याहून नि रत्नांहून सरस आहेत की नाहीत ते आपणच ठरवा, असं म्हटलं.

मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून हा धागा.

फ्लेमिश, म्हणजे अँटवर्पच्या भागातल्या, स्थिरचित्रांबद्दल (मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्रांबद्दल) जिथे वाचावं तिथे एक यादी समोर येते. कवटी म्हणजे मृत्यू, बुडबुडा म्हणजे क्षणभंगुरता, वाळूचं घड्याळ म्हणजे सरता काळ, सोललेलं लिंबू म्हणजे दिसायला सुंदर पण आतून आंबट. यादी पाठ झाली की लोक चित्राकडे बघायचं थांबतात, असा माझा अनुभव आहे. माझं म्हणणं असं की या चित्रकारांनी एका पारड्यात श्रीमंती आणि दुसऱ्यात मरण असं ठेवलेलंच नाही. एकाच वस्तूत दोन्ही आहेत. चांदीच्या कोंदणात बसवलेला नॉटिलस शंख घ्या. तो श्रीमंताच्या घरातला सगळ्यात मिरवायचा पेला, आणि तोच एका मेलेल्या जिवाचं रिकामं घर. उघडलेली कालवं (ऑयस्टर) संध्याकाळपर्यंतही टिकत नाहीत. ब्रुगेलच्या फुलदाणीतली फुलं तर वेगवेगळ्या महिन्यांत फुलणारी. ती खऱ्या फुलदाणीत कधी एकत्र आलीच नसती. एकेक फूल उमलेल तसं तो ते समोर ठेवून काढत असे, आणि अँटवर्पला न मिळणारी फुलं बघायला ब्रसेल्सला गेल्याचंही त्याने लिहिलंय.

शहराचा इतिहासही लक्षात घ्यायला हवा. अँटवर्प सोळाव्या शतकात युरोपातलं मोठं व्यापारी बंदर होतं. १५८५ मध्ये स्पॅनिश सैन्याने ते घेतलं, स्खेल्डे नदीतून समुद्राकडे जाणारी वाट डच लोकांनी अडवली, आणि थोड्याच वर्षांत शहराची वस्ती जवळपास निम्मी झाली. ही चित्रं त्यानंतरची आहेत. बहर ओसरलेला ज्यांनी बघितला, त्यांनी ती काढली आणि विकत घेतली.

तुम्हाला या चित्रांत काय दिसतं? मिरवणं, की मरण?

कोकणवारा

धागा आवडला. एक शंका. कालवं आणि शेवंड या चित्रांत जागोजागी दिसतात. आमच्याकडे ओहोटीला खडकावर बसून बायका कालवं फोडतात, ते कष्टाचं खाणं, त्यात मिरवण्यासारखं काही नसतं. तिकडे ती इतकी महाग होती का?

तळटीप

@कोकणवारा, कालवं शेजारच्या झीलंडच्या किनाऱ्यावरून येत, त्यामुळे ती अगदी दुर्मीळ नव्हती. श्रीमंती बघायची तर त्यांच्या आजूबाजूला बघा. अँटवर्पचा चित्रकार ओसिआस बेर्ट याची चित्रं शोधून पाहा. कालवांच्या ताटाशेजारी साखरेत घोळवलेले बदाम, साखरेच्या कांड्या आणि व्हेनिसच्या धर्तीचे नाजूक काचपेले असतात. साखर समुद्रापलीकडून यायची. तशी काच अँटवर्पमध्ये सोळाव्या शतकाच्या मध्यापासून बनत होती, पण ती चैनीची वस्तू.

या परंपरेचं मूळ शोधायचं तर आणखी मागे जावं लागेल. पीटर आर्टसेनने अँटवर्पमध्ये असताना १५५१ साली खाटकाच्या दुकानाचं एक मोठं चित्र काढलं. समोर सोललेलं बैलाचं मुंडकं, सॉसेज, मासे, डुकराचे पाय. आणि मागच्या छोट्याशा चौकटीतून दिसतं ते इजिप्तकडे निघालेलं पवित्र कुटुंब, वाटेत भिकाऱ्याला भाकर देताना. वर कोपऱ्यात जमीन विकणे असल्याची पाटी आहे. मांस, जमीन, दान, तिन्ही एकाच फळीवर. कवटी कुठेही नाही, तरी कशाची निवड करायची हा प्रश्न आहेच.

साधासरळ

मला यात मरणबिरण दिसत नाही. ज्याच्याकडे पैसा होता त्याने आपल्या ताटातले पदार्थ भिंतीवर लावले, इतकंच. कवटी ठेवली की पाद्रीही खूश. आपल्याकडे लग्नात रुखवत मांडतात तसंच हे. आलेल्या प्रत्येकाने बघावं, मोजावं आणि मनातल्या मनात किंमत करावी.

निळीशाई

@साधासरळ, रुखवत चपखल आहे, विशेषतः आद्रियान व्हान उट्रेख्तच्या १६४४ च्या मेजवानीच्या चित्रासाठी. ते आम्स्टरडॅमला राइक्सम्युझियममध्ये आहे. अडीच मीटरच्या जवळपास रुंद. शेवंड, पाय (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ), फळांचे ढीग, पोपट, माकड, कुत्रा, वाद्यं. एवढं सगळं मांडलंय पण जेवणारं माणूस एकही नाही. रुखवताभोवती पाहुण्यांची गर्दी असते. इथे टेबल भरलेलं आणि खोली ओस. मला ती अनुपस्थिती फार जाणवते.

साधासरळ

माणूस नाही कारण ते स्थिरचित्र आहे. माणूस आला की प्रकार बदलतो. चित्रप्रकाराच्या नियमाला तुम्ही अर्थ लावताय.

तळटीप

साधासरळ यांच्या बाजूने एक भक्कम पुरावा मीच देतो. ज्या चित्रापासून धागा सुरू झाला, त्याच्याबद्दल बोर्रोमेओने स्वतः लिहून ठेवलंय. १६२५ साली त्याने आपल्या संग्रहाचं वर्णन छापलं. त्यात तो म्हणतो की खाली रंगवलेला हिरा बघून जे कळतं ते न बघताही कळलं असतं: या चित्राचं मोल रत्नांएवढं आहे, आणि तेवढीच किंमत आम्ही चित्रकाराला दिली. म्हणजे गिऱ्हाईक खुद्द कार्डिनल, आणि त्याने दागिन्याचा अर्थ लावला तो बिदागीचा!

कागदकुंचला

मी चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला मुलांना वस्तुचित्राचा पेपर असतो. तांब्या, बाटली, एखादं फळ, मागे कापड. मुलं विचारतात, बाई, हे का काढायचं? तेव्हा मी त्यांना पीटर क्लासचं १६२७ चं टर्की-पायचं (टर्की पक्ष्याच्या pie चं) चित्र दाखवते. कथलाच्या थाळीची कड टेबलाच्या बाहेर आलेली, लिंबाची साल लोंबतेय, रुमाल चुरगळलेला. साल अशी लोंबती काढायची म्हणजे तिचा बाहेरचा खरखरीतपणा, आतला पांढरा मऊ थर आणि ओला गर, तिन्हीचे पोत एका वळणात दाखवायचे. चित्रकाराला लिंबू हवं असतं ते यासाठी. त्यातून विश्वासघात वगैरे शोधणाऱ्यांनी एकदा स्वतः लिंबू काढून बघावं.

तळटीप

@कागदकुंचला, हा वाद अभ्यासकांतही रंगलेला आहे. एडी द योंग यांनी सतराव्या शतकातल्या डच चित्रांमधले दडलेले अर्थ त्या काळच्या बोधचित्रांच्या (चित्रासोबत उपदेश देणाऱ्या) पुस्तकांवरून उलगडले. पुढे १९८३ मध्ये स्वेतलाना आल्पर्स यांनी उलट मांडणी केली, की ही संस्कृती डोळ्यांनी जग समजून घेणारी होती आणि वर्णन हाच तिचा हेतू. ही चर्चा मुख्यतः उत्तरेकडच्या डच चित्रांची, दक्षिणेकडे, म्हणजे फ्लेमिश चित्रांना, ती जशीच्या तशी लावता येत नाही.

दक्षिण आणि उत्तर यांची सरमिसळ मात्र झालेली आहे. क्लासचा जन्म अँटवर्पजवळच्या बेर्खेमचा, काम हार्लेमला. कवटीचं पहिलं स्वतंत्र व्हॅनिटास (ऐहिक गोष्टींची व्यर्थता सांगणारं) चित्र म्हणून जे दाखवलं जातं, १६०३ चं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये असलेलं, ते काढणारा याकोब द खेनही अँटवर्पचाच, नंतर उत्तरेत गेलेला. त्यात कोनाड्यात कवटी, वर भलामोठा बुडबुडा, शेजारी ट्युलिप, खाली नाणी आहेत. बुडबुड्यात निरखून बघितलं तर छळाचं चाक आणि महारोग्याचा खुळखुळा दिसतो. इथे संदेश नाही असं कोणी म्हणू शकणार नाही.

चांदणवेल

क्लारा पेटर्सचं नाव अजून कसं आलं नाही? अँटवर्पची चित्रकार, तिची चित्रं १६०७ पासून १६२१ पर्यंतची. माद्रिदच्या प्रादोत तिची १६११ ची चित्रं आहेत. २०१६ मध्ये तिथे तिचं प्रदर्शन भरलं, ते त्या संग्रहालयाने एखाद्या चित्रकर्तीसाठी भरवलेलं पहिलंच प्रदर्शन.

तिच्या चित्रात सोनेरी मुलाम्याचा पेला असतो, कथलाची सुरई असते. त्यांच्या चकचकीत फुगवट्यांवर बारकाईने पाहिलं की एक बाई दिसते, अगदी नखाएवढी. ती क्लारा स्वतः. कार्ल्सरूहच्या १६१२ च्या चित्रात तर पेल्याच्या प्रत्येक फुगीर नक्षीत ती पुन्हा पुन्हा आहे. काही चित्रांत टेबलाच्या कडेला चांदीच्या मुठीची सुरी ठेवलेली असते, लग्नात भेट देत तसली, आणि तिच्यावर क्लाराचंच नाव कोरलेलं.

निळीशाई, तुम्ही म्हणालात खोली ओस असते. इथे नाहीये. श्रीमंताच्या पेल्यावर त्या श्रीमंताचा चेहरा पडायला हवा होता, तिथे ही कुंचला घेऊन उभी आहे. धनी गेला, पेला वितळवला गेला असेल, ती अजून तिथेच आहे. मला हे चित्र मरणाचं वाटत नाही, मरणावर मात केल्याचं वाटतं.

कोकणवारा

हे वाचून लगेच चित्र मोठं करून बघितलं. सापडली! पेल्याच्या खालच्या भागात. अंगावर काटा आला.

मिरवेल

मी गोव्याची. या चित्रांकडे बघताना माझी नजर नेहमी एका गोष्टीवर जाते. कागदकुंचला यांनी सांगितलेल्या क्लासच्या चित्रात पंचांगाच्या पानाच्या पुडीतून मिरी सांडलीय. ती मिरी आपल्या किनाऱ्याची. पोर्तुगिजांची मसाल्याची पहिली खेप १५०१ मध्ये अँटवर्पला पोचली, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. पुढे मलबारची मिरी कोचीन-गोव्याहून लिस्बनला आणि तिथून उत्तरेला जायची. अँटवर्पच्या हिऱ्यांच्या धंद्यालाही दख्खनचे हिरे लागत. ब्रुगे शहरात जन्मलेला झाक द कूत्र हा रत्नांचा व्यापारी कित्येक वर्षं गोव्यात राहिला होता.

साखरेचं तर त्याहून वाईट. तळटीप यांनी बेर्टच्या साखरेच्या कांड्यांचा उल्लेख केला. ती साखर आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावरच्या आणि ब्राझीलच्या मळ्यांतली, आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या श्रमाची, आणि त्या मळ्यांत माणसं फार लवकर मरत. तेव्हा या टेबलावर मरण आहे का, या प्रश्नाचं माझं उत्तर होय असं आहे. पण ते कवटीत नाही, साखरेत आहे. आणि ते चित्राच्या मालकाचं मरण नाही. व्हॅनिटासची कवटी श्रीमंताला म्हणते, तूही मरशील. तुझ्या ताटासाठी कोण मेलं, हे ती सांगत नाही. मला ही उणीव खुपते.

कागदकुंचला

@मिरवेल, पोस्ट वाचून बराच वेळ गप्प बसले होते. पण एक वाटतं. चित्रकाराने ते लपवलं असंही नाही. त्याने साखरेचा दाणा न् दाणा इतका स्पष्ट काढला म्हणून तर आज तुम्ही बोट ठेवून विचारू शकता की हा आला कुठून. हिशेबाच्या वहीत तो नुसता आकडा राहिला असता.

मिरवेल

मान्य, पण ते बोट आज आपण ठेवतोय. त्या काळच्या गिऱ्हाइकाला त्यात गोडवाच दिसला. चित्राचं श्रेय आणि बघणाऱ्याचं श्रेय वेगळं ठेवूया.

साधासरळ

मिरवेल यांच्याशी सहमत. आणि माझ्या मूळ मुद्द्यालाच हे बळ देतं.

अँटवर्पकर

नोकरीनिमित्त इथे राहतो, म्हणून थोडी भर. चित्रकार फ्रान्स स्नायडर्सचं घर काइझरस्ट्राट या रस्त्यावर आहे, शेजारचं घर महापौर निकोलास रोकॉक्सचं. दोन्ही मिळून आता एक संग्रहालय आहे. स्नायडर्सची चित्रं पुस्तकात बघून त्यांचा आवाका कळत नाही. हरीण, रानडुक्कर, हंस, सगळे मेलेले आणि सगळे खऱ्या मापाचे. हंसाची मान टेबलावरून खाली लोंबत असते आणि ती थेट तुमच्या छातीच्या उंचीवर येते. ब्रुगेच्या बिशपसाठी त्याने काढलेले मासळीचे, शिकारीचे, फळांचे आणि भाज्यांचे बाजार आता सेंट पीटर्सबर्गला हर्मिटाजमध्ये आहेत. इतकं मांस बिशपच्या भिंतीवर!

आणि निळीशाई, ओसरलेल्या शहराबद्दल तुम्ही लिहिलंत त्यात एक दुरुस्ती सुचवतो. १६०९ ते १६२१ स्पेन आणि डच यांच्यात युद्धविराम होता आणि त्या काळात अँटवर्प बऱ्यापैकी सावरलं. चर्चेस नव्याने सजली, चित्रकार रुबेन्सची कार्यशाळा जोरात चालली. क्लारा आणि ओसिआस बेर्ट यांची चित्रं त्या सावरण्याच्या काळातली. पुढे १६३० च्या दशकात चित्रकार यान द हेम डच शहर उट्रेख्तचा असूनही इथे राहायला आला. समकालीन लेखक झान्द्रार्टने कारण दिलंय की इथे मोठमोठे प्लम, पीच, चेरी, संत्री, द्राक्षं उत्तम पिकलेली मिळत आणि समोर ठेवून काढता येत. शहराची नाडी चालू होती.

रसायनी

मरणाचा आणखी एक प्रकार या चर्चेत यायला हवा: चित्राचं स्वतःचं. जुन्या फुलांच्या चित्रांत पानं कधीकधी चमत्कारिक निळी दिसतात. ती मुळात निळी नव्हती. हिरवा मिळवायला निळ्यावर वनस्पतीजन्य पिवळा चढवत, तो उजेडाने उडाला आणि खालचा निळा उरला. पिवळ्या-केशरी फुलांसाठी हरताळ आणि मनशीळ वापरत, दोन्ही आर्सेनिकची सल्फाइडं. आपल्या पोथ्यांत चुकलेलं अक्षर झाकायला लावत तोच हरताळ. तैलरंगात तो उजेडाने विघटित होत जातो. त्यामुळे ज्या गुलाबाच्या पाकळ्या एकेक उठून दिसायच्या तो आज सपाट पिवळा ठिपका दिसतो. याउलट शिसं आणि कथील यांच्यापासून केलेला पिवळा जवळपास जसाच्या तसा राहतो. एकाच फुलदाणीत एक फूल टवटवीत आणि शेजारचं कोमेजलेलं, आणि हे चित्रकाराने ठरवलेलं नाही.

चांदणवेल

रसायनी, म्हणजे टिकाऊ म्हणून काढलेली फुलंही कोमेजतातच, फक्त चारशे वर्षं घेतात. हे माझ्या मघाच्या उत्साहावर पाणी टाकणारं आहे, पण क्लाराच्या पेल्यावरचे ते ठिपके मुख्यतः शिशाच्या पांढऱ्याचे असणार ना? तो टिकतो ना?

रसायनी

शिशाचा पांढरा तेलात उत्तम टिकतो. क्लाराची काळजी नको.

निळीशाई

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते.

तळटीप यांनी बोर्रोमेओचा हिरा म्हणजे किंमत हा पुरावा दिला. त्याच बोर्रोमेओने १६२८ मध्ये आणखी एक गोष्ट लिहिलीय. हिवाळ्यात सगळं बर्फाने आखडून जातं तेव्हा ही खोटी फुलं बघून आपल्याला आनंद मिळतो, खरा नाही तरी मनातला सुगंध येतो, अशा अर्थाचं. हे वाचल्यावर मला त्याच्या दोन्ही वाक्यांत विरोध वाटत नाही. त्याने हिऱ्याएवढी किंमत मोजली ती फुलांना मरू न देण्यासाठी. श्रीमंतीने काय विकत घेता येतं याचा तो हिशेब आहे. नाणी सरळ देऊन ट्युलिप जानेवारीत मिळत नव्हता, ब्रुगेलकडून मिळाला.

साधासरळ, तुमचं बरोबर आहे की हे मिरवणं आहे. पण मिरवण्याची वस्तू म्हणून त्यांनी नाशवंत गोष्टी निवडल्या. सोन्याच्या विटा रंगवल्या नाहीत. पिकायच्या टोकाला आलेलं अंजीर रंगवलं, ज्याला उद्या माशी बसेल. मिरवेल यांचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही आणि खोडायचाही नाही. कवटी कोणाशी बोलते आणि कोणाशी नाही, हे मी यापुढे प्रत्येक चित्रात शोधेन.

साधासरळ

अंजिराचा मुद्दा पटला. तरी अँटवर्पसारख्या कॅथलिक शहरातल्या घरांत कवटीपेक्षा द्राक्षं आणि गहू जास्त का, हे कोणी सांगाल का?

तळटीप

कारण तिथे गोष्ट मरणाशी संपत नाही. द हेमचं १६४८ चं चित्र व्हिएन्नात आहे: मधोमध कोनाड्यात प्रभुभोजनाचा पेला आणि पवित्र भाकर, भोवती फळांची जाड माळ, त्यात द्राक्षं आणि गव्हाची कणसं. कुजणारी फळं आणि न कुजणारं अन्न एकाच चौकटीत. अँटवर्पचा चित्रकार दानिएल सेगर्स तर जेझुइट या कॅथलिक धर्मसंस्थेचा सदस्य होता. त्याने मेरीच्या प्रतिमांभोवती फुलांच्या माळा रंगवल्या. त्याची चित्रं विकायची नसत, संस्था ती राजेरजवाड्यांना भेट देई. ऑरेंजच्या प्रोटेस्टंट राजघराण्याने त्याबदल्यात सोन्याची पॅलेट पाठवली होती.

आणि मिरवण्याबद्दल शेवटचं. अँटवर्पच्या खाइसब्रेख्ट्सने डेन्मार्कच्या राजदरबारी असताना १६६८ मध्ये एक चित्र काढलं, ते कोपनहेगनला आहे. त्यात चित्रशाळेच्या भिंतीवर एक व्हॅनिटास टांगलेलं दिसतं, कवटीसकट. पण त्या रंगवलेल्या चित्राचा कोपरा चौकटीवरून सुटून पुढे लोंबतोय आणि मागची लाकडी पट्टी दिसतेय. कापड, पट्टी, सगळं रंगवलेलं. साधासरळ, हे जरूर मोठं करून बघा.

साधासरळ

बघितलं. कोपरा हाताने सरळ करावासा वाटतो. त्याच चित्रकाराचं चौकटीची नुसती मागची बाजू दाखवणारंही एक चित्र दिसतंय, त्याबद्दल वेगळा धागा काढाल का?

तळटीप

काढतो, रविवारी.